सेस्ना १७२ कुठे सांभाळून घेतं आणि कुठे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी सीपीएलसाठी (व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी) फ्लाइंग स्कूलला जाणार आहे. तिथे सेस्ना १७२ ची दोन मॉडेलं आहेत, १९८० च्या दशकातलं जुनं १७२ पी आणि त्यामानाने नवं १७२ एस. नेटवर या विमानाच्या अपघातांची यादी पाहिली तर ती संपतच नाही. हे विमान धोक्याचं आहे का, आणि तिने नेमकं कशावर लक्ष ठेवायचं?

आधी यादीबद्दल. १७२ चं पहिलं उड्डाण जून १९५५ मध्ये झालं आणि तेव्हापासून ४४,००० हून जास्त विमानं बनली. इतक्या संख्येने दुसरं कुठलंही विमान बनलेलं नाही. रस्त्यावर जी दुचाकी सगळ्यात जास्त दिसते तीच अपघाताच्या बातम्यांतही जास्त दिसते, तसंच हे. त्यामुळे किती विमानं पडली हे न मोजता, किती तास उडाल्यावर पडली हे पाहायचं. अमेरिकेत खासगी आणि प्रशिक्षणाच्या छोट्या विमानांचं प्राणघातक अपघातांचं प्रमाण लाख तासांमागे एकाच्या आसपास असतं. १७२ चं त्याच्या साधारण निम्मं धरलं जातं. एका इंजिनाच्या चार आसनी विमानांत याहून चांगली नोंद क्वचितच सापडेल.

पण याचं सगळं श्रेय विमानाला देऊ नका. १७२ चे बरेचसे तास शाळेत उडतात: दिवसाउजेडी, स्वच्छ हवेत, विमानतळाच्या आसपास आणि शेजारी प्रशिक्षक बसलेला असताना. जास्त ताकदीचं विमान घेऊन रात्री, ढगांतून, लांब जाणाऱ्या मालकाशी या आकड्याची तुलना करणं बरोबर नाही. भारतातली एकूण उड्डाणंच इतकी कमी आहेत की दोन-तीन अपघात इकडे-तिकडे झाले तरी आकडा उलटापालटा होतो, म्हणून 'भारतातला दर' म्हणून कोणी काही सांगितलं तर जपून घ्या.

विमानाच्या बाजूने जे खरं आहे ते वेगात आहे. १७२ एस पूर्ण फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेला खाली येणाऱ्या पट्ट्या) टाकून काट्यावर ४० नॉटला स्टॉल होतं (पंखांची उचल सुटते), म्हणजे ताशी जेमतेम ७५ किलोमीटर. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ५० नॉटने शेतात उतरलेल्या विमानापेक्षा ८० नॉटने उतरणाऱ्याला अडीचपट ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, आणि ती पत्र्यात नाही जिरली तर माणसात जिरते. इंजिन बंद पडून १७२ शेतात उतरलं आणि आतली माणसं चालत बाहेर आली, असं वारंवार घडतं ते यामुळे. शिवाय चाकं पक्की, म्हणून ती खाली करायची विसरायचा प्रश्न नाही. पंख वर, इंधन गुरुत्वाकर्षणाने खाली येतं, आणि सिलेक्टर (कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी कळ) 'बोथ'वर ठेवला की दोन्ही टाक्या मिळून चालतात. टिकाऊपणाचं म्हणाल तर १९५८-५९ मध्ये लास व्हेगासजवळ रॉबर्ट टिम आणि जॉन कुक या दोघांनी एक १७२ तब्बल ६४ दिवस २२ तास १९ मिनिटं खाली न उतरवता हवेत ठेवलं होतं. इंधन खालून पळणाऱ्या ट्रकमधून नळीने वर घ्यायचं. शेवटी इंजिनात कार्बन साचून ताकद कमी झाली म्हणून उतरले.

आता अपघातांकडे. या विमानाचे अहवाल वाचताना एक गोष्ट लवकर लक्षात येते: ज्या कारणांनी विमानं मोडतात आणि ज्या कारणांनी माणसं जातात, ती कारणं वेगळी आहेत. मोडतोडीचा सगळ्यात मोठा ढीग उतरतानाचा आहे, आणि त्यात जीव जवळपास जात नाहीत. जीव जातात ते कमी उंचीवर, कमी वेगात वळताना, ढगात शिरल्यावर, आणि खाली उडत तारांत अडकून. शाळेतला बहुतेक वेळ पहिल्या ढिगावर खर्च होतो. ते चुकीचं नाही, पण दुसरा ढीग त्यामुळे झाकला जातो.

लँडिंगची मोडतोड कशी होते ते पाहू. १७२ एसचा फायनलवरचा (धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या उतरणीतला) वेग पूर्ण फ्लॅपला ६० ते ७० नॉट, छोट्या धावपट्टीला ६१. विद्यार्थी भीतीपोटी ७५-८० ने येतो. दहा टक्के जास्त वेग म्हणजे एकवीस टक्के जास्त ऊर्जा, आणि विमान धावपट्टीवर तरंगत राहतं. धावपट्टी संपत चालल्यासारखी वाटते, म्हणून तो योक (हातातलं विमानाचं हँडल) पुढे ढकलून विमान 'बसवायला' जातो. मग नाकाचं चाक आधी टेकतं. नाक वर उसळतं, तो घाबरून पुढे ढकलतो, पण विमानाची हालचाल आणि हाताची हालचाल यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर पडलेलं असतं, म्हणून त्याचा प्रत्येक धक्का नेमका चुकीच्या वेळी बसतो. दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी होते आणि तिसरीला बहुधा काहीतरी तुटतं: नाकाच्या चाकाचा स्ट्रट (दांडा), प्रॉप (पुढचा पंखा), किंवा फायरवॉल.

फायरवॉल नीट समजून घ्या, कारण १७२ मधली ही सगळ्यात जास्त लपवली जाणारी इजा आहे. नाकाच्या चाकाचा स्ट्रट इंजिनाच्या मागच्या पोलादी भिंतीच्या खालच्या भागाला जोडलेला असतो. नाकावर आदळलं की ती भिंत चुरगळते. बाहेरून विमान ठणठणीत दिसतं. पाहायचं ते काउलिंग (इंजिनावरचं आवरण) उघडून, स्ट्रटच्या जोडाभोवती: पत्र्याला लाटा, रिव्हेटभोवती काळसर कडं, रंगाला बारीक भेगा. आतून पेडलच्या पुढे टॉर्च मारून पाहिलं तर सुरकुती सहसा दिसते. प्रॉपची टोकं बोटाने चाचपायची, वाकलेलं टोक डोळ्याआधी बोटाला कळतं. शेपटीखालची दोर बांधायची कडी घासलेली असेल तर कोणीतरी नाक फारच उचललं होतं. प्रॉप जमिनीला लागला असेल, मग तो किंचितच का वाकलेला असेना, इंजिनाच्या क्रँकशाफ्टची तपासणी सक्तीची आहे. 'थोडंसं घासलं' हा शब्दप्रयोग हँगरमध्ये ऐकू आला तर ते विमान उडवू नये. विद्यार्थ्याने जोराचं लँडिंग झालं तर ते बोलून टेक्निकल लॉगमध्ये लिहायलाच हवं. न लिहिलेली उसळी पुढच्या विद्यार्थ्याच्या नाकाखाली तुटते.

उसळीवर उपाय साधा आहे. लहान उसळी असेल तर नाक आहे तिथेच धरून ठेवा, थोडी पॉवर द्या, परत बसू द्या. मोठी असेल किंवा दुसरी सुरू झाली असेल तर पूर्ण थ्रॉटल आणि गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. पुढे ढकलणं कुठल्याही उसळीचं उत्तर नाही.

आडव्या वाऱ्याबद्दल फार लिहीत नाही. मॅन्युअलमधले १५ नॉट ही 'दाखवलेली' मर्यादा आहे, विमानाची शेवटची क्षमता नव्हे. पण एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी शाळेची मर्यादा याच्या निम्म्याच्या आसपासच असावी. चूक बहुधा टेकल्यानंतर होते. चाकं लागली की विद्यार्थी सुटकेचा श्वास सोडतो आणि त्याबरोबर एलेरॉनही (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखावरच्या पट्ट्या) सोडतो. १७२ चा पंख उंच आहे, वाऱ्याला तो आयता मिळतो. टेकल्यावर वेग कमी होत जाईल तसं एलेरॉन वाऱ्याच्या बाजूला वाढवत न्यायचं, थेट थांबेपर्यंत. वळवाच्या पावसाआधी जो सोसाट्याचा वारा सुटतो त्यात तर टॅक्सी करतानाही विमान उलटू शकतं. समोरून येणाऱ्या वाऱ्यात एलेरॉन वाऱ्याकडे, मागून येणाऱ्या वाऱ्यात वाऱ्यापासून दूर आणि योक पुढे.

गो-अराउंडवर मात्र थांबून लिहिलं पाहिजे, कारण पहिल्या ढिगातून दुसऱ्यात जायचा रस्ता इथून जातो. फायनलवर विमान कमी वेगात असतं, पूर्ण फ्लॅप असतात, ट्रिम (योकवरचा जोर कमी करणारी जुळणी) नाक-वर लावलेली असते. अचानक पूर्ण थ्रॉटल दिला की तीन गोष्टी एकदम होतात. नाक जोरात वर उठतं, विमान डावीकडे झुकून वळायला लागतं, आणि फ्लॅपच्या ओढीमुळे वेग वाढतच नाही. उजवा रडर (पेडलने चालणारं शेपटीचं सुकाणू) हवा तितका मिळाला नाही आणि हाताने योक पुढे रेटून नाक खाली धरलं नाही, तर शंभर फुटांवर स्टॉल होतो, तोही डावीकडे पडणारा. १७२ एसचा क्रम असा: पूर्ण थ्रॉटल, फ्लॅप लगेच २० अंशांवर, वेग ६० नॉट, अडथळे पार होईपर्यंत फ्लॅप १०, मग सुरक्षित उंची आणि ६० नॉट मिळाल्यावर उरलेले वर. सगळे फ्लॅप एकदम वर घेणं ही दुसरी मोठी चूक, कारण विमान खाली बसतं आणि खाली जमीन जवळ असते. १७२ पी च्या आधीच्या मॉडेलांत फ्लॅप ४० अंशांपर्यंत जात. तेवढे टाकल्यावर पूर्ण ताकदीतही विमान जेमतेम चढतं, भर उन्हात तर तेही नाही. १९८१ मध्ये पी आलं तेव्हा सेस्नाने ही मर्यादा ३० वर आणली. तुमच्या शाळेत पी च्या आधीचं एखादं विमान असेल तर हे आधी विचारून घ्या.

आता माणसं जाणारा ढीग. बेस लेगवरून (फायनलच्या आधीचा, धावपट्टीला काटकोनातला टप्पा) फायनलला वळताना मागून वारा असला की विमान धावपट्टीची रेषा ओलांडून जातं. विद्यार्थ्याला जास्त तिरकं वळायची भीती वाटते, म्हणून तो आतल्या बाजूचा रडर दाबून नाक ओढून आणतो. विमान आणखी झुकायला लागतं, तर तो उलटा एलेरॉन देतो. नाक खाली जातं, तर योक मागे. ही तीन कृत्यं एकत्र म्हणजे स्पिनमध्ये (स्टॉल होऊन गरगरत खाली पडण्यात) जायची पाककृती आहे. आकडे पाहा: १७२ एस फ्लॅपशिवाय सरळ उडताना ४८ नॉटला स्टॉल होतं. उंची राखत ३० अंश तिरकं वळलं तर ५० च्या थोडं वर, ४५ अंशाला सुमारे ५७, ६० अंशाला जवळपास ६८. आणि बेसवर वेग किती? ६५ ते ७०. म्हणजे ६० अंशाच्या वळणात हातात काहीच उरत नाही.

१७२ स्पिनमध्ये जायला नाखूश आहे हे खरं. बऱ्याचदा ते अर्ध्या फेरीत स्पिन सोडून स्पायरलमध्ये (वेग वाढत जाणाऱ्या वळत्या उतरणीत) जातं, आणि स्टॉलचा भोंगा ५ ते १० नॉट आधी वाजतो. पण भोंगा वाजत असताना लक्ष धावपट्टीवर असतं. मुद्दाम शिकवलेल्या एका फेरीच्या स्पिनमधूनही बाहेर येईपर्यंत हजारभर फूट उंची जाते. बेसवरून फायनलला वळताना ती उंची नसतेच. स्पिन घडल्यावर क्रम असा: थ्रॉटल बंद, एलेरॉन मधे, फिरण्याच्या उलट पूर्ण रडर, रडर टेकल्याबरोबर योक चटकन पुढे, फिरणं थांबलं की रडर मधे आणि हळूवार वर. पण सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या चकरेत) हे पाठांतर उपयोगाचं नाही. तिथे कामाचा नियम एकच: फायनल ओलांडली तर ओलांडू द्या, ३० अंशांपेक्षा जास्त झुकू नका, नाही जमलं तर पुन्हा चक्कर मारा.

टेकऑफनंतर इंजिन गेलं तर धावपट्टीकडे परत वळायचा मोह याच जातीचा आहे. १७२ हजार फुटांत साधारण दीड नॉटिकल मैल तरंगतं, पण तेही सरळ जाताना. परतायला १८० नव्हे, रेषेवर येण्यासाठी त्याहून बरंच जास्त वळावं लागतं, आणि मागून वारा मिळतो. पाच-सहाशे फुटांखाली नाक खाली, ७० नॉट, आणि समोरच्या ६० अंशांच्या पट्ट्यातलं सगळ्यात बरं शेत. वेळ असेल तर इंधन बंद, मिक्स्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाची दांडी) बंद, फ्लॅप लागतील तसे, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद आणि टेकण्याआधी दारं उघडी करून ठेवायची. चौकट वाकली की दारं अडकतात, म्हणून हे मॅन्युअलच्या यादीतच आहे.

खाली उडणं. याबद्दल तांत्रिक असं फारसं नाही. स्वतःच्या गावावरून, कॉलेजवरून एक चक्कर, मोबाइलवर व्हिडिओ, आणि समोर वीजवाहिनी. तार हवेतून दिसत नाही, दिसतात ते खांब. दोन खांब दिसले की मधे तार आहे असं धरायचं, आणि नदीच्या पात्रावरून तर उडायचंच नाही, कारण मोठ्या वाहिन्या तिथे दोन्ही काठांवरून उंच जातात.

ढगांचं तसं नाही. घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर ढग डोंगराला टेकलेले असतात, आणि ज्याला इन्स्ट्रुमेंट उड्डाण येत नाही त्याला आत शिरल्यावर काही क्षणांतच वर-खाली कळेनासं होतं. विमान तुटून पडत नाही, ते स्पायरलमध्ये जातं. झुकाव वाढतो, नाक पडतं, वेग वाढतो, पायलट योक ओढतो आणि वळण आणखी आवळतं. वेग १६३ नॉटच्या लाल रेषेपलीकडे गेल्यावर मग खरोखर पंखांचा प्रश्न येतो. सुटका: थ्रॉटल कमी, आधी पंख सपाट, मग हळूच नाक वर. हा क्रम उलटा केला तर आणखी खोलात. जुन्या १७२ मध्ये कृत्रिम क्षितिज (विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र) एकाच व्हॅक्यूम पंपावर चालतं, आणि तो पंप गेला की यंत्र एकदम बंद पडत नाही. ते हळूहळू कलतं आणि खोटं सांगतं. म्हणून टेकऑफआधी सक्शनचा (त्या पंपाच्या ओढीचा) काटा पाहायचा असतो.

इंजिनात काय बिघडतं ते मॉडेलवर अवलंबून आहे. १७२ पी ला कार्बुरेटर आहे, एसला फ्युएल इंजेक्शन. कार्बुरेटरच्या घशात पेट्रोल उडताना तापमान तीस अंशांहून जास्त उतरू शकतं, म्हणून बाहेर २५ अंश असलं तरी दमट हवेत आत बर्फ होतो. कोकण किनारा, पावसाळ्यानंतरची सकाळ, कमी पॉवरवर लांब उतरण: ही त्याची आवडती वेळ. प्रॉप पक्क्या कोनाचा असल्यामुळे पहिली खूण म्हणजे आरपीएम आपोआप घटतो. कार्बुरेटर हीट (आत गरम हवा सोडणारी दांडी) पूर्ण ओढायची, अर्धी नाही. मग आधी इंजिन खडखडतं, आरपीएम आणखी पडतो, कारण बर्फ वितळून पाणी आत जातं. नवशिके इथेच घाबरून हीट बंद करतात. थांबायचं, आरपीएम परत चढतो.

इंधनाचा प्रश्न दोन्हींना सारखा. टाक्यांची झाकणं पंखाच्या वर आहेत, आणि झाकणाचं रबर कडक झालं की पाऊस आत झिरपतो. एसमध्ये पाणी काढायच्या जागा १३ आहेत, प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. बारा तपासून तेरावी सोडणारे भरपूर. नमुना पांढऱ्या पार्श्वभूमीवर धरून पाहायचा: १०० एलएल (या विमानाचं पेट्रोल) निळसर असतं, तळाला पाणी बुडबुड्यासारखं वेगळं दिसतं. नमुना पूर्ण पाणीच असेल तर सीमारेषा दिसत नाही आणि 'स्वच्छ' वाटतो, म्हणून रंग आणि वास दोन्ही तपासा. रंगहीन किंवा पिवळट आणि रॉकेलचा वास असेल तर टाकीत जेट इंधन गेलंय, आणि त्यावर पेट्रोल इंजिन टेकऑफपुरतंच चालण्याची शक्यता असते. काट्यांवर विश्वास नको, डिपस्टिक टाका. एसमध्ये वापरण्याजोगं सुमारे २०० लिटर, साध्या टाक्यांच्या पी मध्ये सुमारे १५०. उताराच्या जागी उभं केलं तर सिलेक्टर एका टाकीवर ठेवतात, नाहीतर इंधन खालच्या टाकीत वाहतं. मग उडताना तो परत 'बोथ'वर आणायचा राहतो.

रन-अप (उडण्याआधीची इंजिनाची चाचणी) १८०० आरपीएमला. एसमध्ये एका मॅग्नेटोवर (ठिणगी देणारं यंत्र, इंजिनाला अशी दोन असतात) १५० पेक्षा जास्त उतार नको आणि दोहोंत ५० पेक्षा जास्त फरक नको. प्रशिक्षणाच्या विमानांत बऱ्याचदा जास्त उतार शिशाने माखलेल्या प्लगचा असतो, कारण जमिनीवर मिक्स्चर रिच (जास्त इंधनाचं) ठेवून तासन्तास आयडल. मिक्स्चर थोडं कमी करून काही सेकंद इंजिन फिरवलं की तो जातो. नाही गेला तर परत यायचं. सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन काही सेकंद लंगडून मग नीट चाललं, तर एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अडकतोय. ते इंजिनिअरला सांगायचं, 'गरम झाल्यावर ठीक होतं' म्हणून सोडायचं नाही.

उन्हाचा हिशेब महाराष्ट्रात सगळ्यांनीच करावा. नागपूर विमानतळाची उंची हजार फुटांच्या आसपास. त्या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश. मे महिन्यात दुपारी ४५ असेल तर फरक ३२ अंश, प्रत्येक अंशाला १२० फूट धरले तर ३,८४० फूट. म्हणजे विमानाला वाटतं आपण ४,८०० फुटांवरून उडतोय. समुद्रसपाटीला मिनिटाला ७३० फूट चढणारं १७२ एस तिथे पाचशेच्या आसपास चढतं, आणि धावही लांबते. त्यात चार आसनं म्हणजे चार माणसं हा गैरसमज. एसचं कमाल वजन २,५५० पौंड, म्हणजे सुमारे ११५७ किलो. रिकामं विमान साधारण ७६० किलो, पूर्ण इंधन १४४ किलो. माणसं आणि सामान मिळून उरतात अडीचशे किलो: तीन मोठी माणसं, संपलं. मागे वजन जास्त झालं की गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि स्टॉलमध्ये नाक खाली पडायचा चांगला गुण कमी होतो.

आता एक खास १७२ ची गोष्ट, जी तिने पहिल्या दिवसापासून हाताला लावून घ्यावी: आसन. पुढची आसनं दोन रुळांवर सरकतात आणि एक पिन रुळाच्या भोकात बसते. भोकं झिजून अंडाकृती होतात, पिन झिजते, आणि आसन अडकल्यासारखं वाटतं पण अडकलेलं नसतं. टेकऑफला वेग वाढतो, नाक वर जातं आणि आसन मागे धावतं. माणूस साहजिकच हातातलं धरतो, म्हणजे योक. नाक आकाशात, स्टॉल. १९८७ मध्ये अमेरिकी विमान प्राधिकरणाने रुळांच्या तपासणीचा सक्तीचा आदेश काढला तो अशा अपघातांमुळेच. नंतर सेस्नाने पायलटच्या आसनाला दुसरा, पट्ट्याचा अडथळाही देऊ केला. तपासायचं असं: आसन लावल्यावर पिन भोकात पूर्ण उतरली का ते वाकून डोळ्याने पाहायचं, मग पाय जमिनीला रेटून कंबरेने पुढे-मागे जोरात ढकलायचं. रुळाच्या शेवटी अडवणाऱ्या खुंट्या आहेत ना ते पाहायचं. मुलगी उंचीने कमी असेल तर पाठीमागे घट्ट, न घसरणारी उशी हवी, म्हणजे रडर पूर्ण दाबताना ती आसनाला रेटा देणार नाही. आणि आसन सरकलंच तर योक सोडायचा. हे आधीपासून ठरवलेलं असेल तरच त्या क्षणी सुचतं.

दुसऱ्या विमानाशी टक्कर दुर्मीळ, पण घातक. १९७८ मध्ये सॅन दिएगोवर एक बोइंग ७२७ खालच्या १७२ वर आदळलं, जमिनीवरच्यांसह १४४ माणसं गेली. मार्च २०२४ मध्ये नैरोबीत प्रशिक्षणाचं १७२ आणि एक प्रवासी विमान धडकले, १७२ मधले दोघे गेले. १७२ चा उंच पंख वळताना नेमकं वळायच्या बाजूचं आकाश झाकतो. म्हणून वळण्याआधी त्या बाजूचा पंख क्षणभर वर उचलून पाहायचा. शाळेच्या सर्किटमध्ये पाच-सहा विमानं फिरत असतात, तिथे हे रोज लागतं. धावपट्टीवर कुत्री आणि घारी हा आपला जास्तीचा अभ्यासक्रम.

शाळेत गेल्यावर टेक्निकल लॉग दाखवायला सांगा. पुढे ढकललेले दोष किती आणि किती जुने, शंभर तासांची तपासणी कधी झाली, इंजिनाचे शेवटच्या ओव्हरहॉलनंतर (पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीनंतर) किती तास झाले. लायकमिंगच्या या इंजिनांना ओव्हरहॉल साधारण २,००० तासांनी. जुन्या विमानात पंखाचा तिरका स्ट्रट जिथे खाली शरीराला मिळतो तिथे, पुढच्या दाराच्या खांबाच्या तळाशी, तडे जातात. ती जागा कधी उघडून पाहिली ते विचारा. पुढच्या दोन्ही आसनांना खांद्याचे पट्टे असायलाच हवेत. फक्त कंबरेचे असतील तर नको म्हणा. कमी वेगाच्या टक्करीत डोकं पॅनेलवर आपटणं, हेच जीव जाण्याचं कारण उरतं.

शेवटचा मुद्दा तुमच्या शाळेचाच आहे. पी आणि एस आळीपाळीने उडवायची असतील तर नावं एक असली तरी ती दोन विमानं समजा. पी चा तरंगायचा वेग ६५ नॉट, एसचा ६८. पी ला हाताचा प्राइमर (सुरू करताना इंजिनात इंधन सोडणारा पंप), एसला विजेचा पंप. पी ला कार्बुरेटर हीटची दांडी आहे, एसमध्ये ती नाहीच, आणि एसला इंधन तोडायचा वेगळा लाल गोल आहे जो ओढायचा असतो. इंजिन थबकल्यावर हात आपोआप जिथे जातो ती जागा दोन्हींत वेगळी आहे. निदान पहिले पन्नास तास तिला एकाच मॉडेलवर ठेवा असं मुख्य प्रशिक्षकांना आत्ताच सांगून ठेवा, आणि मॉडेल बदललं त्या दिवशी इंजिन सुरू करण्याआधी दहा मिनिटं कॉकपिटमध्ये बसून, डोळे मिटून, प्रत्येक दांडीला हात लावायला सांगा.